संकष्टीचे चौदा डबे

१

पहिला फोन गुरुवारी दुपारी साडेतीनला आला. भांडुपच्या अपूर्वाचा नवरा होता. "गंधालीताई, आज डब्यात काय होतं? तिला उलट्या थांबत नाहीयेत." अपूर्वाला पाचवा महिना होता. गंधाली पेंडसेच्या हातातला फडका तिथेच राहिला.

चारला दुसरा फोन, सव्वाचारला तिसरा. सहा वाजेपर्यंत नऊ झाले. तक्रार सगळ्यांची एकच होती: पोटात पिळवटून येतंय, उलट्या, जुलाब, उभं राहवत नाही. अपूर्वाला हॉस्पिटलात नेऊन सलाइन लावलं होतं. बाळाचं काय, ते डॉक्टर उद्या सांगणार होते.

मुलुंड पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावरचं ते स्वयंपाकघर साधंसुधं नव्हतं. तिथून रोज चौदा डबे जायचे आणि चौदाही जण सिलिअ‍ॅकचे रुग्ण होते. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा कण जरी पोटात गेला तरी आतडं आतून सोलवटून निघणारी माणसं. अशांना बाहेर काही खायची सोय नसते. बिस्किटात गहू असतो, सॉसमध्ये असतो, मेतकुटात असतो. बाजारच्या हिंगातसुद्धा मैदा घातलेला असतो, हे किती जणांना माहीत असतं? गंधालीला माहीत होतं, कारण तिलाही तोच आजार होता. पूर्वी ती रंगांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती आणि हापिसातल्या वाढदिवसांना केकपासून चार हात लांब उभी राहायची. शेवटी नोकरी सोडून तिने हे स्वयंपाकघर उभं केलं. उंबऱ्याच्या आत गहू नाही. दळण बाहेर जात नाही, घरातच विजेची घरघंटी. कामाला येणाऱ्या सुलक्षणाबाई आल्या आल्या साडी बदलायच्या, नखं घासून धुवायच्या, मग ओट्याला हात लावायच्या.

अशा घरातून कुणीतरी नऊ माणसांना गहू खाऊ घातला होता. आपोआप येणं शक्यच नव्हतं. आणला होता.

"कोण आहेस तू, ते मला माहीत नाही," गंधाली रिकाम्या ओट्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "पण तुला मी सुखाने घास गिळू देणार नाही."

मग तिने डबा घेणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: रविवार संध्याकाळपर्यंत काय झालं आणि कुणी केलं ते सांगते. नाही सांगता आलं तर डबा कायमचा बंद.

२

गंधालीचं डोकं हिशेबाने चालायचं. गुरुवारी संकष्टी होती. चौदांपैकी पाच जणांचा उपवास होता आणि त्यांना वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी गेली होती. ते पाचही ठणठणीत होते. तिने एकेकाला फोन करून विचारलं. आजारी पडलेले नऊ हे भाकरी, दुधीची भाजी, डाळीची आमटी आणि भात खाणारे. म्हणजे गडबड जेवणाच्या डब्यात, उपवासाच्या नाही.

दोन्हींत फरक काय? उपवासाला हिंग चालत नाही.

तिच्याकडे ग्लुटेन तपासायच्या तीनच पट्ट्या उरल्या होत्या. परदेशातून यायच्या, जिवापाड जपलेल्या. त्यातली एक तिने हिंगाच्या डबीवर खर्च केली. दहा मिनिटं श्वास रोखून बघत बसली. एकच रेघ उमटली. हिंग स्वच्छ होता.

रात्री चंद्रोदय झाला. दिवसभर तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. गणपतीपुढच्या नैवेद्याच्या ताटात उकडीचे मोदक होते. तिने घटकाभर विचार केला. मोदक सगळ्या चौदा डब्यांत दोन-दोन गेले होते. उपवासवाल्या पाच जणांनाही गेले होते आणि त्यांना काही झालेलं नव्हतं. म्हणजे मोदक निर्धोक. तिने दोन खाल्ले.

पहाटे ती न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली होती, भिंतीला टेकून. पोटात कुणी किसणी फिरवावी तसं होत होतं. आणि तिथे, त्या गार फरशीवर, तिला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली. उपवासवाल्यांनी दुपारी मोदक खाल्लेच नव्हते! संकष्टीचा मोदक चंद्र बघितल्याशिवाय कोण खातो? जेवणवाल्यांनी दुपारी खाल्ले, ते दुपारी पडले. उपवासवाले रात्री खाणार होते.

सकाळी सातला तिने पाचांना फोन लावले. चौघे आडवे झाले होते. घाटकोपरच्या शर्मिष्ठाकाकू तेवढ्या बऱ्या होत्या.

"काकू, मोदक खाल्लात का?"

"नाही गं. माझी साखर तीनशेला टेकलीय. दोन्ही ह्यांनी खाल्ले. का, काय झालं?"

३

उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक तांदळाच्या पिठीच्या डब्यावर लागली. स्वच्छ. दुसरीसाठी तिने नैवेद्यातला एक मोदक घेतला, सारण काढून टाकलं, पारी धुतली आणि तेवढीच तपासली. दुसरी रेघ इतकी ठसठशीत आली की दहा मिनिटं थांबावंही लागलं नाही.

पिठी डब्यात असताना चांगली होती. मोदकात गेल्यावर तिच्यात गहू होता. मधल्या वेळात, तिच्याच ओट्यावर, कुणाचा तरी हात आडवा आला होता.

गंधालीने गुरुवारची सकाळ आठवून आठवून कागदावर उतरवली. साडेसातला सुलक्षणाबाईंनी पिठी मोजून पातेल्यात काढली, वर ताट झाकलं आणि मोदकांखाली घालायला हळदीची पानं आणायला त्या खाली गेल्या. ती स्वतः बाहेरच्या खोलीत डब्यांवर नावं चिकटवत होती. तेवढ्यात तिची वहिनी उत्तरा आली. दोन गल्ल्या सोडून राहायची. गुहागरहून आलेले नारळ द्यायला आली होती. दारातूनच म्हणाली, "मी आपली कोपऱ्यात बसते हो, माझी अडचण आहे. नैवेद्याच्या कशाला शिवणार नाही." गंधालीचा असल्या शिवाशिवीवर काडीचा विश्वास नव्हता, पण सुलक्षणाबाई पानं घेऊन आल्या आणि त्यांनी वहिनीची खुर्ची ओट्यापासून आणखी लांब सरकवली. मग उकड काढली, मोदक झाले. साडेदहाला मोदक वाफवून उतरले. अकराला हर्षद दारात येऊन भांडून गेला.

हर्षदचं खालच्या चौकात पोळी-भाजी केंद्र होतं. त्याच्या मिसळीत काय काय असतं हे गंधालीने ग्रुपवर लिहिल्यापासून तो तिच्या नावाने बोटं मोडायचा. "तुझं दुकान बंद पाडतो की नाही बघ," असं तो गुरुवारी जिन्यात ओरडला होता, ते चार घरांनी ऐकलं होतं.

आणि सुलक्षणाबाई. मागच्याच आठवड्यात त्यांच्या पदराला गव्हाचं पीठ दिसलं म्हणून गंधालीने त्यांना सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. बाई खाली मान घालून गेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी बाई समोर बसल्या तेव्हा गंधालीने आडपडदा ठेवला नाही. "मावशी, उकडीत काय घातलंत?"

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिलाच नजर वळवावी लागली.

"मिया घालतलंय? माझ्या हातान?" त्यांचा आवाज फाटला. "चाळीस वर्सां मोदक करतंय गो. तुया माका परत धाडलंस तेव्हा राग इलो, खोटा कशाक सांगू? पन पोटुशी बाईक विख घालूचा?" पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "एक सांगू? उकड मळताना हाताक चिवट लागली. पानी पन कमी लागला. माका वाटला, तांदूळ नवो असात."

गंधालीची पेन्सिल थांबली. गुन्हेगार आपल्याच गुन्ह्याचा पुरावा आपणहून पुढे करत नाही.

"आणि मोदक फुटले किती?"

"एक पन फुटूक नाय," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच चमकल्या. "दर खेपेक दोन-चार तरी फुटतत."

४

हर्षदच्या केंद्रात पाऊल टाकायची गंधालीची सोय नव्हती. तिथे गव्हाच्या पिठाचा धुरळा हवेतच असायचा. ती फुटपाथवर नाकाला रुमाल लावून उभी राहिली आणि त्याला बाहेर बोलावलं.

"आलीस? मीच केलं म्हणून सांगायला आलीस ना?" तो हात पुसत आला. "ऐक, माझ्याकडून रोज चारशे पोळ्या जातात. तुझ्या चौदा माणसांचं मी काय लोणचं घालू? ओरडलो, कारण माझ्या मिसळीची तू वाट लावलीस. बस. पोटावर पाय आला की माणूस ओरडतो."

"तू अकराला आलास. मोदक साडेदहालाच उतरले होते," गंधाली म्हणाली. "तू केलेलं नाहीस, ते मला माहीत आहे. मला तुझ्याकडून दुसरं काहीतरी हवंय." तिने डबी उघडून मोदक पुढे धरला. "हा बघून सांग, यात काय मिसळलंय."

हर्षदचा राग जरा वेळ बाजूला राहिला. कारागीर माणूस. त्याने मोदक उलटसुलट केला, पारी बोटाने दाबली.

"कधीचा आहे?"

"कालचा."

"फ्रीजमध्ये होता? आणि एक तडा नाही?" तो हसला. "यार, यात मैदा आहे. नुसत्या तांदळाची पारी एवढ्यात कडक होऊन फुटते. आम्ही केटररवाले मूठभर मैदा टाकतोच, शंभर मोदक असले की. कुणाला सांगत नाही एवढंच. पण तुझ्या बाईला याची गरज नाही. तिच्या कळ्या बघ, काय बारीक आहेत. ज्याच्या हाताला मोदक येत नाही ना, त्यालाच मैद्याची युक्ती माहीत असते."

गंधालीने डबी बंद केली. मैद्याच्या युक्तीचं नाव तिने याआधी एकदाच ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत, दादाच्या घरी, वहिनीने हसत हसत सांगितलं होतं. "आमच्या साताऱ्याकडे तळणीचे. उकडीचे मला येत नाहीत बाई, मी आपला मैदा घालते." आणि म्हणून त्या दिवशी गंधालीने तिथला मोदक खाल्ला नव्हता.

पण वहिनी तर कोपऱ्यात बसली होती. कशाला न शिवता.

५

शनिवारी सकाळी ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. "अगं, ये ये! किती वाळलीस दोन दिवसांत." उत्तराच्या आवाजात माया ओसंडत होती. "सुलक्षणाबाईंवर लक्ष ठेवायला हवं होतंस. अशी माणसं डूख धरतात."

"तू होतीस ना तेव्हा. काही दिसलं?"

"मी कसली बघतेय! माझी अडचण, मला तर बाईंनी दारापाशीच बसवलं. ओट्याकडे फिरकलेसुद्धा नाही."

आतल्या खोलीत श्रुतिका झोपली होती. दादाची नऊ वर्षांची मुलगी. शाळा आजही बुडली होती. पोट दुखत होतं. गंधाली तिच्या उशाशी बसली. पोरगी पांढरीफटक होती. ओठांच्या आत तोंड आलेलं. टेबलावर लोहाच्या औषधाची बाटली होती, संपत आलेली, आणि तिच्यामागे संपलेल्या दोन.

"किती दिवस घेतेस गं हे?"

"सहा महिने. रक्त वाढतच नाही, असं डॉक्टरकाका म्हणतात. आत्या, माझी उंची वर्गात सगळ्यात कमी आहे."

गंधाली त्या बाटल्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवून, काही न बोलता उठली.

घरी आल्यावर तिने फोन हातात घेतला. दोन दिवसांत ग्रुपखेरीज काही उघडायला सवड झाली नव्हती. घरच्या मंडळींचे संदेश तसेच साचले होते. त्यात गुरुवारचा, रात्री नऊ वीसचा एक व्हिडिओ होता. दादाने घेतलेला. देव्हाऱ्यासमोर वहिनी उभी, नऊवारी नेसलेली, हातात निरांजन. आरती संपते, ती ताटाभोवती पाणी फिरवते, डोळे मिटून नैवेद्य दाखवते. खाली दादाने लिहिलं होतं: आमच्या सौभाग्यवतींची संकष्टी, दर महिन्यासारखी साग्रसंगीत.

गंधालीने तो तीनदा बघितला.

अडचण असताना उत्तरावहिनी देव्हाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकत नाही, हे सगळ्या घराला पाठ होतं. त्या चार दिवसांत निरांजनसुद्धा दादा लावायचा. त्या बाबतीत ती इतकी कडक की स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाची पूजा तिने पुढे ढकलली होती. मग संध्याकाळी नैवेद्य दाखवणारी बाई सकाळी विटाळशी कशी? देवाशी ती खोटं बोलणारी नव्हती. म्हणजे खोटं सकाळचं होतं. आणि ज्या बाईला कशाला शिवायचंच नाही, तिला पिठीच्या पातेल्याजवळ दहा मिनिटं एकटीला सोडायला कुणालाच भीती वाटत नाही.

६

रविवारी दुपारी बाराला गंधाली पुन्हा त्या दारात उभी होती. दादा पेपर वाचत होता. उत्तरा ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. गंधाली स्वयंपाकघराच्या चौकटीतच थांबली, रुमाल नाकाशी धरून.

"दादा, इकडे ये. तुलाही ऐकायचंय."

तिने एका दमात सगळं सांगितलं. दुपारी पडलेले नऊ, रात्री पडलेले चार आणि ती स्वतः, मोदक न खाल्लेल्या शर्मिष्ठाकाकू, दुसरी रेघ, चिवट उकड, न फुटलेले मोदक. शेवटी तिने फोनवर व्हिडिओ लावला आणि ओट्यावर, पोलपाटाशेजारी ठेवला. दादा व्हिडिओकडे बघत होता, मग बायकोकडे. "उत्तरा?" तो म्हणाला.

लाटणं थांबलं. उत्तरा वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची माया पुसली गेली होती.

"हो, घातला मैदा. दोन मुठी. पर्समध्ये नेला होता." तिने पिठाचे हात कमरेवर ठेवले. "मला दाखवायचं होतं की काही होत नाही. सगळे खातील, वा म्हणतील, आणि मग मी सांगणार होते, बघा, मैदा खाऊन जिवंत आहात. हिचे नखरे एकदाचे उघडे पाडायचे होते मला."

"नखरे," गंधाली म्हणाली.

"आमच्या वास्तुशांतीला माझी आई तुझ्यासाठी पुरणपोळी घेऊन उभी होती. बहात्तर वर्षांची. गुडघे धरून पहाटेपासून लाटल्या होत्या तिने. तू सगळ्या पाहुण्यांसमोर पिशवीतून स्वतःचा डबा काढलास आणि ताटावर हात आडवा धरलास! दोन महिन्यांत ती गेली. जाईपर्यंत मला विचारत होती, माझ्या हाताला काय घाण होती गं, म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं होतं."

"मी त्यांना पाया पडून सांगितलं होतं, का खात नाही ते."

"तिला नाही कळलं!"

गंधालीला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं. म्हातारीचा तो चेहरा तिलाही आठवत होता. पण अपूर्वाच्या हातातली सुई तिला जास्त आठवत होती. डॉक्टरांनी बाळ सुखरूप आहे म्हणून सांगेपर्यंतचे ते बावीस तास आठवत होते.

"लिही," तिने फोन पुढे सरकवला. "ग्रुप उघडा आहे. स्वतःचं नाव, काय घातलंस, का घातलंस. त्यांना तक्रार करायची असेल तर ते करतील. मी कुणालाही अडवणार नाही."

उत्तराने नवऱ्याकडे बघितलं. दादाने मान दुसरीकडे वळवली. पिठाच्या बोटांनी तिने लिहिलं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. गंधालीने वाचून फोन उचलला. डबा वाचला होता. चौदा माणसांना उद्या पुन्हा खायला मिळणार होतं.

ती निघायला वळली आणि तेवढ्यात श्रुतिका डोळे चोळत बाहेर आली. "आई, भूक लागलीय. पण पोळी खाल्ली की दुखतं गं."

"काही दुखत नाही. तू पण आत्यासारखी नाटकं नको करूस," उत्तरा सवयीने बोलून गेली.

गंधाली जागच्या जागी थांबली. पेंडशांचं रक्त. लोहाच्या तीन बाटल्या, वर्गात सगळ्यात कमी उंची, आलेलं तोंड. कालच तिला कळलं होतं. आणि काल पोरीच्या उशाशी बसून ती बोलली नव्हती, हेही खरं होतं. आजही बोलली नाही तर? ही बाई रोज स्वतःच्या हाताने स्वतःच्या मुलीला तेच भरवत राहील, वर्षानुवर्षं, नखरे नको करूस म्हणत. याहून मोठा सूड कुणाला सुचला नसता. त्याची गोडी गंधालीच्या जिभेवर आली, आणि ती तिने चाखलीसुद्धा, एक क्षण.

"वहिनी," ती म्हणाली, "उद्या सकाळी हिचं रक्त तपासायला दे. टीटीजी नावाची तपासणी सांगायची. हा माझाच आजार आहे. माझी खात्री आहे."

मुलीकडे बघता बघता उत्तराच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली. औषधाच्या बाटल्या, बुडालेली शाळा, दर सकाळी डब्यात भरलेल्या पोळ्या. तिने पोलपाट लोटून दिला. "मग नको. आजपासून पोळी बंद. भात देते, भाकरी करते..."

"नाही," गंधाली म्हणाली. "रिपोर्ट येईपर्यंत गहू बंद करायचा नाही. बंद केलास तर रक्ताची आणि पुढची आतड्याची तपासणी चुकते, आणि हिचं कधीच कळणार नाही. डॉक्टरही हेच सांगतील. चार-पाच दिवस लागतील. तोवर रोज पोळी द्यायची. माहीत असून."

"मी नाही देऊ शकत," उत्तरा कुजबुजली. "गंधाली, मला नाही जमणार."

"तुलाच द्यायची आहे."

श्रुतिका ताटावर येऊन बसली होती आणि आईकडे बघत होती. शेवटी उत्तराने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. ती फुगली. उत्तराने ती उलथन्याने उचलली, पण तव्यावरच धरून ठेवली.

"वाढ," गंधाली म्हणाली.

उत्तराने पोळी ताटात ठेवली. पोरीने तुकडा मोडून तोंडात घातला. गंधालीने दारातली खुर्ची ओढली, बसली, आणि वहिनीचा चेहरा बघत राहिली.